मुंगसाला वैद्यकी येत नाही

मे २०२४ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात सुमात्रातल्या एका ओरांगउटानावर शोधनिबंध आला आणि पाठोपाठ त्याची मराठी आवृत्ती घरोघरच्या फोनवर येऊन थडकली. मूळ बातमी तिच्यात जेमतेम अर्धी होती, बाकी सगळा उपदेश. जनावरालाही झाडपाला कळतो, आपल्या पूर्वजांना तर तो कळत होताच, आता पाश्चात्त्य विज्ञानानेही मान तुकवली, तेव्हा गोळ्या फेका आणि काढे घ्या. हीच मांडणी पुढे आरोग्यविषयक व्याख्यानांत आली, काढे विकणाऱ्यांच्या पत्रकांत आली आणि चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या गप्पांतही स्थिरावली. तिला उत्तर द्यायचं ते अशासाठी, की तिने पुढे केलेला पुरावा खोटा नाही. तो बहुतेक खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही, आणि काही ठिकाणी तर नेमका उलटा निघतो.

आधी त्या ओरांगउटानाचं. राकुस हा प्रौढ नर आचे प्रांतातल्या गुनुंग ल्युसर राष्ट्रीय उद्यानात, सुआक बालिम्बिंग या संशोधनकेंद्राच्या परिसरात राहतो. २२ जून २०२२ रोजी त्याच्या उजव्या डोळ्याखाली ताजी जखम दिसली. तीन दिवसांनी त्याने ‘आकार कुनिंग’ नावाच्या वेलीची पानं चावली, ती न गिळता त्यांचा रस बोटाने जखमेवर लावला, हे सुमारे सात मिनिटं केलं आणि शेवटी चोथ्याने जखम झाकून टाकली. पुढच्या पाच दिवसांत जखम मिटली, महिन्याभरात पुसट वण उरला. इझाबेल लाउमर, कॅरोलिन शुप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नोंदवलं. वेल औषधी आहे, स्थानिक लोक ती वापरतात, तिच्यात जिवाणूंना रोखणारी द्रव्यं आहेत, हे सगळं खरं.

आता त्याच निबंधातला, फोनवर न आलेला भाग. या जंगलात ओरांगउटानांचं निरीक्षण तोवर एकवीस वर्षं चाललं होतं, आणि एवढ्या काळात असा प्रकार दिसला तो एकदाच. एक प्राणी, एक जखम, एक वेळ. पाला लावला नसता तर जखम किती दिवसांत भरली असती, हे कुणालाच सांगता येणार नाही. रानातल्या प्राण्यांच्या बहुतेक जखमा तशाही भरून येतात. संशोधकांनी तर ही कृती अपघाताने सुरू झाली असण्याची शक्यताही मांडली आहे: खाताना रस लागलेलं बोट जखमेला लागलं असेल, बरं वाटलं असेल. वर्तनशास्त्राच्या दृष्टीने ही नोंद अमोल आहे, कारण रानटी प्राण्याने औषधी वनस्पतीचा रस जखमेवर मुद्दाम लावल्याची ती पहिली व्यवस्थित नोंद आहे. पण ‘औषध गुणकारी ठरलं’ हे वाक्य त्यात नाही. ते पुढे पाठवणाऱ्यांनी घातलं.

आकार कुनिंग आपल्या गुळवेलीच्या कुळातली आहे. गुळवेलीकडे नंतर येऊ.

या विषयातली सर्वांत उद्बोधक गोष्ट टांझानियातल्या महाले पर्वतराजीतली आहे, आणि ती सांगायला थोडा वेळ घेतो. १९८३ मध्ये रिचर्ड रँगहम आणि तोशिसादा निशिदा यांनी लिहिलं की तिथले चिंपांझी कधी कधी सकाळी उपाशीपोटी ॲस्पिलियाची पानं न चावता, घडी घालून, अख्खीच्या अख्खी गिळतात. चव घ्यायची नाही, पोषण मिळवायचं नाही, मग कशाला? दोन वर्षांनी एलॉय रॉड्रिगेझ आणि सहकाऱ्यांना या पानांत थायारुब्रिन-ए सापडलं. जंत, बुरशी, जिवाणू सगळ्यांवर चालणारं जालीम द्रव्य. कोडं सुटलं असं वाटलं. चिंपांझी औषध घेतात, औषधाचं नाव हे, रेणू हा.

पुढे इतरांनी पानं तपासली तेव्हा त्यांत ते द्रव्य मिळेना. दरम्यान मायकेल हफमन चिंपांझींच्या विष्ठेत हात घालून बसले होते (या शास्त्राचं अर्धं काम तेच असतं). त्यांना अख्ख्या पानांबरोबर बाहेर पडलेले आतड्यातले जंत दिसले, आणि त्यातले काही जिवंत, वळवळणारे होते. विषाने मेलेले नव्हते. वेगवेगळ्या जंगलांतल्या चिंपांझींनी गिळलेल्या तीसहून अधिक जातींच्या पानांत एकच गुण समान निघाला: खरखरीत, केसाळ पृष्ठभाग. उपाशीपोटी गेलेली ही पानं आतडं भरभर हलवतात आणि जंतांना झाडून बाहेर काढतात. म्हणजे तो झाडू होता, औषध नव्हतं. मधल्या काळात कुणी ॲस्पिलियाचा अर्क कॅप्सूलमध्ये भरून ‘चिंपांझींची जंतनाशक वनौषधी’ म्हणून विकला असता, तर निरीक्षण खरं, वनस्पती खरी, उपयोगही खरा आणि कॅप्सूल मात्र निव्वळ निरुपयोगी, अशी स्थिती झाली असती. प्राण्याच्या कृतीवरून औषधावर उडी मारणाऱ्यांनी या प्रसंगावर जरा थांबावं.

याच महालेत नोव्हेंबर १९८७ मध्ये हफमन आणि त्यांचे स्थानिक सहकारी मोहमेदी सेइफु कालुंदे यांनी चाउसिकू नावाची मलूल झालेली मादी पाहिली होती. तिने व्हर्नोनियाच्या फांदीची साल आणि पानं सोलून टाकली, आतला गाभा चघळला, कडू रस चोखला, चोथा थुंकला. दुसऱ्या दिवशी ती टवटवीत. कालुंदे यांनी सांगितलं की त्यांच्याकडेही पोटदुखीवर हेच झुडूप वापरतात. झाडपाल्याच्या समर्थकांना ही गोष्ट फार प्रिय आहे, आणि का नसावी? फक्त तिने काय टाकून दिलं ते सांगायचं राहून जातं. पानं आणि साल यांत व्हर्नोडालिन हे द्रव्य गाभ्याच्या मानाने कितीतरी जास्त असतं, जिवावर बेतेल इतकं. वनस्पती एकच, तिचा एक भाग उपयोगी आणि दुसरा घातक. ‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ हे चाउसिकूला मान्य नसावं.

२०२४ च्या जूनमध्ये युगांडातल्या बुडोंगो जंगलातून एलोडी फ्रायमन यांचा अभ्यास आला. ५१ चिंपांझींवर लक्ष ठेवून, आजारी किंवा जखमी असताना त्यांनी एरवी फारशा न खाल्ल्या जाणाऱ्या कोणत्या वनस्पती खाल्ल्या हे पाहिलं आणि १३ जातींचे १७ नमुने प्रयोगशाळेत तपासले. ८८ टक्के नमुन्यांनी जिवाणूंची वाढ रोखली, ३३ टक्क्यांनी दाह कमी करणारा गुण दाखवला. सर्वांत प्रभावी निघालेल्या झाडांत अल्स्टोनिया बूनेई होतं. ऑक्टोबरात फुलून अर्ध्या पुण्याचं डोकं उठवणारी आपली सप्तपर्णी त्याच्याच गोत्रातली. अभ्यास कष्टाचा आहे आणि चांगला आहे. पण ८८ टक्के हा आकडा एकटा उभा राहत नाही. त्याच जंगलातल्या कुठल्याही वनस्पती उचलून तपासल्या तर किती टक्के निघतील? वनस्पतींना पळता येत नाही. कीड, बुरशी आणि चरणारी तोंडं यांच्यापासून बचावासाठी त्या रसायनं बनवतात. बशीतले जिवाणू थोपवणारी वनस्पती सापडणं ही दुर्मीळ गोष्ट नव्हे. बशीतून पोटात, पोटातून रक्तात आणि रक्तातून नेमक्या जागी पुरेसं औषध पोहोचणं दुर्मीळ असतं.

आता माझ्या मते या सगळ्या चर्चेतला मुख्य मुद्दा, आणि तो एका सुरवंटाचा आहे.

प्राणी काहीतरी कडू खातो आणि बरा होतो, एवढ्यावर वर्तनशास्त्रज्ञ त्याला स्वतःवर उपचार म्हणत नाहीत. त्यांच्या अटी कडक आहेत. तो पदार्थ प्राण्याने आजारी असताना अधिक घेतला पाहिजे, त्याने आजाऱ्याचा फायदा झाला पाहिजे, आणि निरोग्याने तो घेतला तर त्याचं नुकसान झालं पाहिजे. तिसरी अट यासाठी, की नुकसान नसेल तर तो साधा आहार ठरतो. २००९ मध्ये मायकेल सिंगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ग्रॅमिया जातीच्या केसाळ सुरवंटांवर या तिन्ही अटी तपासल्या. एका जातीच्या माश्यांची अंडी या सुरवंटांवर पडतात आणि अळ्या त्यांना आतून खातात. अशी लागण झालेले सुरवंट पायरोलिझिडिन अल्कलॉइड ही विषारी द्रव्यं जास्त खातात आणि त्यामुळे जास्त संख्येने वाचतात. निरोगी सुरवंटांनी तेवढंच खाल्लं तर त्यांच्यातले जास्त मरतात.

हे पायरोलिझिडिन अल्कलॉइड आपल्याला अनोळखी नाहीत. १९७० च्या दशकात आताच्या छत्तीसगडमधल्या सरगुजा भागात यकृताच्या एका विचित्र आजाराची साथ आली. पोटात पाणी, सुजलेलं यकृत, अनेक मृत्यू. खाण्याच्या बारीक धान्यात खुळखुळ्याच्या जातीच्या रानझुडपाच्या बिया मिसळल्या गेल्या होत्या, आणि त्या बियांत हीच द्रव्यं होती. सुरवंटाचं औषध, माणसाचं विष. दोन्ही शंभर टक्के नैसर्गिक.

‘रोज सकाळी अनशापोटी घ्या, प्रतिकारशक्ती वाढते, साइड इफेक्ट काहीही नाही’ असं सांगताना जे लोक प्राण्यांचा दाखला देतात, त्यांनी ही तिसरी अट पुन्हा वाचावी. प्राण्यांच्या उपचाराची व्याख्याच सांगते की औषध निरोग्याला महागात पडतं. राकुसने ती पानं रोज सकाळी लावली नाहीत. चाउसिकूने कडू गाभा बाराही महिने चोखला नाही. प्राण्यांकडून शिकायचंच असेल तर पहिला धडा हा, की बरं असताना औषध घेऊ नये.

आपण नेमकं उलट केलं. कोविडच्या काळात गुळवेल घरोघर शिजली. २०२० च्या अखेरीस मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद केली. सगळ्यांच्या इतिहासात गुळवेल होती. पुढे देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बऱ्याच जणांत शरीराची प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटल्यासारखं चित्र होतं, आणि ज्या वस्तूची जाहिरात प्रतिकारशक्ती चेतवणारी म्हणून होते तिच्या बाबतीत हे फार आश्चर्याचं नाही. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांना हरकत घेतली. दिसायला सारखी असलेली दुसरी जात गुळवेल समजून घेतली गेली असावी, असं त्यांचं म्हणणं. क्षणभर मान्य करू. मग प्रश्न आणखी बिकट होतो: शेजारच्या कुंपणावरची वेल कोणती हे सामान्य माणसाला ओळखता येत नसेल, तर ती निर्धास्त घ्या असं त्याला कोण कशाच्या बळावर सांगतं आहे?

यावर एक उत्तर हमखास येतं. परंपरा म्हणजे हजारो वर्षांचा प्रयोगच की. प्राणीही असेच चुकत-शिकत शिकतात, माणसंही तशीच शिकली. या उत्तरात तथ्य आहे, म्हणून ते गंभीरपणे घेतो. यूटा स्टेट विद्यापीठात हुआन व्हियाल्बा आणि फ्रेड प्रोव्हेन्झा यांनी २००६ मध्ये कोकरांवर प्रयोग केला. तीन प्रकारच्या खाद्याने तीन प्रकारे पोट बिघडवलं आणि प्रत्येकावर वेगळा उतारा दिला. ज्यांना खाद्यानंतर योग्य उताऱ्याचा अनुभव मिळाला होता, त्यांनी पुढे बिघाड ओळखून नेमका उतारा निवडला. ज्यांना तो अनुभव नव्हता, त्यांना निवडता आलं नाही. उपजत ज्ञान वगैरे काही नव्हतं. खाल्लं, लवकर बरं वाटलं, लक्षात राहिलं. प्राण्यांना काय कळतंय, असं म्हणून हे सगळं संशोधन हसण्यावारी नेणाऱ्यांनाही हा प्रयोग पुरेसं उत्तर आहे.

पण ‘लवकर’ या शब्दातच मर्यादा आहे. तासाभरात किंवा दिवसभरात जाणवणारा परिणाम कोकरू शिकतं. जो परिणाम दहा वर्षांनी मूत्रपिंडात उमटतो तो त्याला कधीच कळणार नाही, आणि परंपरेलाही कळत नाही, कारण तोवर काढा आणि आजार यांचा संबंध जोडायला कुणी शिल्लक राहिलेलं नसतं. ॲरिस्टोलोकिया या गोत्रातल्या वनस्पती युरोप आणि चीनमध्ये शतकानुशतकं औषधात होत्या. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत चिनी औषध म्हणून त्यातली एक गेली आणि कित्येक तरुण स्त्रियांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. तेव्हा कुठे जग जागं झालं. ॲरिस्टोलोकिक आम्ल कर्करोगकारक आहे यावर आता वाद उरलेला नाही. इतक्या शतकांच्या ‘प्रयोगात’ हे कुणाच्या नजरेला आलं नव्हतं.

मुंग्यांचा उल्लेख इथे ओझरता करतो, खरं तर त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा. फ्लोरिडातल्या सुतार मुंग्या जखमी बहिणीचा पाय कापतात, असं एरिक फ्रँक यांच्या गटाने २०२४ मध्ये दाखवलं. मांडीला जखम असेल तर कापतात, पोटरीला असेल तर नुसती चाटून साफ करतात. संशोधकांनी स्वतः पाय कापून पाहिले, न कापता पाहिले, जखमेत मुद्दाम जंतू घालून पाहिले: मांडीची जखम झालेल्या, पाय न कापलेल्या मुंग्यांपैकी चाळीस टक्क्यांहून कमी जगल्या, कापलेल्यांपैकी नव्वदच्या वर. पुरावा असा असतो. शिवाय मुंगीला पूर्वजांचं शहाणपण नाही, गुरू नाही, ग्रंथ नाही. अचूक उपचार तरीही होतो. म्हणजे अचूक उपचार दिसला की त्यामागे ज्ञान असलंच पाहिजे हे गृहीतकही गेलं.

आपल्याकडे या मांडणीचं सर्वांत जुनं आणि सर्वांत घातक रूप मुंगसाचं आहे. नागाशी लढताना दंश झाला की मुंगूस रानात धाव घेतं, ठरावीक वनस्पतीचं मूळ चावतं आणि विष उतरवून परत लढायला येतं. ती वनस्पती कोणती यावर गावोगाव मतभेद: कुठे सर्पगंधा, कुठे मुंगूसवेल, कुठे ईश्वरी. (ईश्वरी म्हणजे वर सांगितलेल्या ॲरिस्टोलोकियाचीच भारतीय जात.) गोष्ट फार जुनी आहे, १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानेही सिलोनमधल्या मुंगसासारख्या प्राण्याची आणि सापावरच्या मुळीची अशीच हकिगत नोंदवली आहे.

खरा प्रकार इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत सारा फुक्स यांच्या गटाने १९९२ मध्ये उलगडला. नागाच्या विषातला एक महत्त्वाचा घटक स्नायूंवरच्या ग्राहीला, म्हणजे मज्जातंतूचा निरोप घेणाऱ्या जागेला, चिकटून बसतो. निरोप पोहोचत नाही, श्वासाचे स्नायू थांबतात. मुंगसाच्या ग्राहीत ज्या ठिकाणी हे विष चिकटायचं तिथली काही अमिनो आम्लंच बदललेली आहेत. विषाला बसायला जागा नाही. मुंगूस कुठलंही मूळ खात नाही, त्याला गरजच नाही, आणि आपण त्याच्यामागोमाग जाऊन तेच मूळ उगाळलं तरी आपली ग्राही बदलणार नाही. कुत्रा पोट बिघडलं म्हणून गवत खातो ही घराघरातली खात्रीही अशीच: कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या बेंजामिन हार्ट यांच्या गटाने दीड हजारांहून अधिक मालकांना विचारलं, तेव्हा खाण्याआधी कुत्रा बहुधा आजारी दिसतो असं म्हणणारे फक्त ८ टक्के निघाले. पण कुत्र्याच्या गवताने कुणाचा जीव जात नाही. मुंगसाच्या मुळीने जातो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं मेली असा अंदाज आहे, आणि मुळी उगाळण्यात किंवा मांत्रिकाकडे जाण्यात गेलेले तास हे त्यातल्या अनेक मृत्यूंमागचं कारण आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारी लस मिळते. तीही प्राण्याकडूनच येते, मात्र मुंगसाकडून नव्हे: घोड्याला विषाच्या थोड्या थोड्या मात्रा टोचून त्याच्या रक्तातून ती काढतात. घोड्याला यातलं काही कळत नाही.

मग झाडपाला सगळा टाकून द्यायचा का, असा प्रश्न उरतो, आणि त्यालाही उत्तर मुंगसाच्या त्याच झुडपात आहे. सर्पगंधा सापाच्या विषावर कुचकामी. तिचं मूळ मानसिक आजारांवर दिलं जात असे, तेही परंपरेतच. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना ते मोजून दिलं, रक्तदाब मोजत राहिले आणि निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या मुळातून रिसर्पिन वेगळं काढलं आणि पुढची काही वर्षं जगभरात उच्च रक्तदाबाचे लाखो रुग्ण त्यावर राहिले. मग काही रुग्ण खोल नैराश्यात गेल्याच्या नोंदी येऊ लागल्या, मात्रा कमी केल्या गेल्या, नवी औषधं आली आणि रिसर्पिन मागे पडलं. त्या नोंदी आल्या, कारण कोणत्या रुग्णाला किती मिलिग्रॅम आणि किती दिवस दिलं, हे दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं होतं.